बोझाउचे फादर हेल्मोल्ड: वीस पदार्थांची पंगत, जळालेली देवराई आणि एक गाऱ्हाणं

सुरंगी

दरबारी इतिहासकारांवर इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून आज एका आडगावच्या फादरबद्दल. नाव हेल्मोल्ड, गाव बोझाउ, शतक बारावं. उत्तर जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांतात प्ल्योन नावाचं मोठं तळं आहे, त्याच्या पूर्वेच्या काठावर हे गाव. कील आणि ल्युबेक यांच्या मधल्या या टापूला तेव्हा वाग्रिया म्हणत आणि तिथे स्लाव लोक राहत. त्यांचे सरदार वेगळे, भाषा वेगळी, देव वेगळे. हेल्मोल्डच्या हयातीत हा सगळा मुलूख जर्मन झाला. तो कसा झाला हे सांगणारा सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे हा फादर.

जन्म साधारण ११२० चा, बहुधा हार्त्स डोंगराच्या बाजूचा. ११३४ मध्ये सम्राट लोथारने झेगेबर्गला किल्ला बांधला, पोरगेलेसा हेल्मोल्ड तिथे शिकला. स्लावांमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या विसेलिनच्या हाताखाली. पुढे ब्राउनश्वाइगला गेरोल्डकडे शिक्षण, मग नॉयम्युन्स्टरचा मठ आणि ११५६ च्या सुमारास बोझाउची चाकरी. मास्तर गेरोल्ड तोवर बिशप झाला होता. स्लावांच्या धर्मांतराची हकिकत लिहून काढ, असा लकडा त्यानेच लावला. ११६३ च्या ऑगस्टमध्ये गेरोल्ड वारला, तोही बोझाउतच. हेल्मोल्डने लॅटिनमधला आपला ‘स्लावांचा वृत्तांत’ त्यानंतर चार-आठ वर्षांत दोन भागांत लिहिला. जुना काळ त्याने आदाम ऑफ ब्रेमेन या आधीच्या शतकातल्या इतिहासकाराकडून सरळ उचललाय, पुष्कळदा शब्दसुद्धा तेच. ते भाग मी वाचले आणि विसरले. खरी मजा तो ‘आम्ही’ म्हणायला लागतो तिथे सुरू होते.

११५६ चा जानेवारी. बिशप गेरोल्ड आपली नवी गादी बघायला ओल्डेनबुर्गला निघाला (हे होल्स्टाइनमधलं ओल्डेनबुर्ग, दुसरं त्याहून मोठं आहे त्याच्याशी गल्लत नको). हेल्मोल्ड सोबत होता. गाव ओस पडलेलं, चर्च नाही, एक छोटं प्रार्थनास्थळ तेवढं उभं. कडाक्याच्या थंडीत बिशपने मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) केली. ऐकायला कोण, तर स्लावांचा सरदार प्रिबिस्लाव आणि त्याची चार माणसं. मिस्सा संपल्यावर प्रिबिस्लाव म्हणाला, आता माझ्या घरी चला. घर लांबच्या गावात होतं. तिथे यांच्यापुढे वीस पदार्थ मांडले गेले. ती रात्र, दुसरा दिवस आणि दुसरी रात्र असा मुक्काम झाला. पाहुणचारात स्लावांचा हात धरणारं कोणी नाही, हे आधी ऐकून होतो, तिथे अनुभवलं, असं हेल्मोल्ड लिहितो.

तिथून पुढे थेसेमार नावाच्या बड्या माणसाचं निमंत्रण होतं. त्याच्याकडे जाताना वाटेत देवराई लागली. सपाट प्रदेशात तेवढीच काय ती झाडी. खूप जुन्या झाडांत काही ओक होते, त्या मुलखाच्या प्रोव्ह नावाच्या देवाचे. देवाची मूर्ती नाही. भोवती लाकडी कुंपण, त्याला दोन दारं. आत फक्त पुजाऱ्याने जायचं, नाहीतर बळी द्यायला आलेल्याने, नाहीतर जिवावर बेतलंय म्हणून आसरा मागणाऱ्याने. दर सोमवारी सगळा मुलूख, सरदार आणि पुजारी इथे न्यायनिवाड्याला जमायचा. बिशप म्हणाला, पाडा हे. स्वतः घोड्यावरून उतरला आणि एका वाशाने दाराची कोरीव पुढची बाजू फोडली. मग सगळे आत शिरले, कुंपण उपटून त्या झाडांभोवती रचलं आणि पेटवून दिलं. हेल्मोल्ड लपवत नाही की हे करताना त्यांची पाचावर धारण बसली होती, गाववाले आता दगडांनी ठेचतील म्हणून.

खाल्ल्या मिठाला जागणं वगैरे भानगड नाही!

थेसेमारकडेही जंगी स्वागत झालं, पण तिथली दारू गोड लागली नाही, असं तो लिहितो. कारण समोर साखळदंड दिसत होते. डेन्मार्कहून धरून आणलेले ख्रिस्ती कैदी, त्यांत धर्मगुरूही, लांबच्या कैदेने वाळून गेलेले. बिशपला त्यांच्यासाठी काही करता आलं नाही, ना जोराने ना विनवणीने.

नंतरच्या रविवारी ल्युबेकच्या बाजारात लोक जमले. बिशपने उपदेश केला: मूर्ती सोडा, बाप्तिस्मा घ्या, चोऱ्या थांबवा. आणि प्रिबिस्लाव उत्तराला उभा राहिला. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत थोडक्यात: तुमचे सरदार आम्हाला असे पिळतात की जगण्यापेक्षा मरण बरं. यंदा आमच्या एवढ्याशा कोपऱ्याने सॅक्सनीच्या ड्यूकला हजार मार्क भरले, वर काउंटला शेकड्यांनी, तरी सुटका नाही. रोज उठून पळायची तयारी, मग चर्च कधी बांधायची आणि बाप्तिस्मा कधी घ्यायचा? बरं, पळणार तरी कुठे? त्रावे नदी ओलांडली तरी हेच, पेने नदी गाठली तरी हेच. उरला समुद्र. मग आम्ही समुद्रावर डेन लोकांना नि व्यापाऱ्यांना लुटलं, तर पाप कोणाच्या माथी?

बिशप म्हणाला, तुम्हाला देव नाही म्हणून सरदार तुमच्याशी असे वागतात, ख्रिस्ती व्हा म्हणजे सॅक्सनांसारखे (इथल्या जर्मनांसारखे) सुखाने नांदाल. त्यावर प्रिबिस्लाव: ठीक, मग जमिनीचे आणि वसुलीचे सॅक्सनांचे हक्क आम्हाला द्या. आम्ही आनंदाने ख्रिस्ती होतो, चर्च बांधतो, दशमांशही (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला) देतो.

हा संवाद वाचून मी पुस्तक मिटून बसले. लिहिणारा जेत्यांच्या कळपातला, कालपरवा देवराई पेटवून आलेला. तरी हरणाऱ्याची बाजू त्याने इतकी बिनतोड मांडून ठेवलीये, की बिशपचं उत्तर तिच्यापुढे फिकं पडतं. माझं म्हणणं एवढंच: हेल्मोल्ड नि:पक्षपाती मुळीच नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं गिळून टाकणं त्याला जमत नाही. म्हणून तो वाचावा.

---

जुना वाचक

वाचनखूण साठवली आहे. ते वीस पदार्थ कोणते होते हे लिहिलंय का? (मूळ मुद्दा सोडून भलतंच विचारतोय, कल्पना आहे.)

---

सुरंगी

@जुना वाचक, यादी नाही दिली बुवाने. शेती, मासेमारी, शिकार यांतून जे मिळेल ते सगळं हे लोक पाहुण्यांवर उधळतात, एवढंच म्हणतो. पण पाहुणचाराचे नियम दिलेत, ते भारी आहेत. परक्या माणसाला कोणी घरात घेतलं नाही असं कळलं, तर त्याचं घर-सामान जाळायची मुभा. आणि पाहुणचाराच्या हौसेपायी चोरीसुद्धा माफ: रात्री चोरलेलं सकाळी पाहुण्यांत वाटायचं.

---

पानसुपारी

रात्री चोरा, सकाळी वाटा! अशी निवडणूक-आचारसंहिता पाहिजे.

---

शंकासूर

लेख छान. पण शेवटच्या परिच्छेदाशी असहमत.

एक तर मध्ययुगीन इतिहासकार भाषणं रचत. लॅटिन शिकलेल्या कुठल्याही माणसाने जुन्या रोमन लेखकांकडून हीच युक्ती उचललेली असायची: शत्रूच्या तोंडी एक झणझणीत भाषण घालायचं. प्रिबिस्लाव बोलला असेल त्याच्या भाषेत, दुभाष्यामार्फत. हेल्मोल्डने ते लिहिलं दहा-बारा वर्षांनी, लॅटिनमध्ये. शब्द हेल्मोल्डचे, हे तुम्हीही नाकारणार नाही.

पण खरी गोम पुढे आहे. ते गाऱ्हाणं कोणाविरुद्ध आहे? ड्यूक आणि काउंट यांच्याविरुद्ध. बिशपविरुद्ध एक अक्षर नाही. उलट प्रिबिस्लाव शेवटी काय कबूल करतो, तर दशमांश! बिशपांना हेच तर हवं होतं. ड्यूक हाइनरिश, ज्याला ‘सिंह’ म्हणत, आणि बिशप मंडळी यांचं या मुलखात आधीपासून वाजलेलं होतं. ११४९ मध्ये आर्चबिशप हार्टविगने विसेलिनला बिशप नेमलं ते ड्यूकला न विचारता. ड्यूकने त्याचं उत्पन्न अडवून धरलं. पदाची वस्त्रं माझ्या हातून घे, मग बघू, म्हणाला. शेवटी विसेलिन नमला. हेल्मोल्ड विसेलिनचा चेला. सरदारांच्या हावरटपणामुळे स्लाव ख्रिस्ती होत नाहीत, हा चर्चचाच दावा होता. तो प्रिबिस्लावच्या तोंडून वदवून घेतला की दुधात साखर.

१८७६ मध्ये कार्ल शिरेन नावाच्या कीलच्या प्राध्यापकांनी हेल्मोल्डवर असाच हल्ला चढवला होता. ते फार टोकाला गेले, पण ‘यात फायदा कोणाचा’ हा प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

---

सुरंगी

@शंकासूर, भाषण लॅटिन साच्यातलं आहे हे मान्यच. त्यात ड्यूक खलनायक असणं चर्चच्या पथ्यावर पडतं, हेही पटलं.

पण मग ड्यूकबद्दल तो एरवी काय लिहितो ते बघा. तरुणपणीच्या स्वाऱ्यांत हाइनरिशच्या तोंडी ख्रिस्ती धर्माचा उल्लेखही नव्हता, फक्त पैसा, हे वाक्य आहेच. तुमच्या हिशोबात ते बसतं. ११४७ च्या धर्मयुद्धाचं मात्र बसत नाही. ते धर्मयुद्ध खुद्द चर्चचं होतं. पवित्र भूमीकडे जाणाऱ्यांइतकंच पुण्य इथे स्लावांशी लढणाऱ्यांना, असं पोपने जाहीर केलं होतं. त्याचं वर्णन हेल्मोल्ड कसं करतो? डोबिनच्या किल्ल्याला वेढा पडलेला असताना सॅक्सन सरदारांचे लोक आपापसांत कुजबुजतात की ही जमीन आपलीच, ही माणसं आपल्यालाच कर देणारी, मग आपलंच नुकसान का करून घ्यायचं? आणि मुद्दाम ढिलाई करतात. शेवटी तह होतो. स्लावांनी बाप्तिस्मा घ्यायचा आणि डेन कैदी सोडायचे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला खोटाच, आणि कैद्यांतले म्हातारे नि निकामी तेवढे परत केले. धडधाकट ठेवून घेतले. हे लिहून चर्चच्या पदरात काय पडलं?

---

वसईकर

फादर हा विषय दिसला म्हणून डोकावलो, छान लिहिलंय. आमच्या धर्मग्रामात दशमांशाचा विषय निघाला की लोक चप्पल शोधायला लागतात, म्हणून विचारतो: स्लावांचं कळलं, पण तिथले आधीचे ख्रिस्ती लोक बिनबोभाट देत होते का?

---

सुरंगी

@वसईकर, छे हो! होल्स्टाइनचे सॅक्सन, म्हणजे पिढीजात ख्रिस्ती, त्यांनी बिशप गेरोल्डला साफ उडवून लावलं. म्हणाले, हे गुलामीचं जोखड आम्ही मानेवर घेणार नाही, आणि तसाही दशमांश देवाला कुठे पोचतो, सरदारांच्या चैनीतच जातो. ड्यूकने दटावल्यावर म्हणाले, घरं पेटवून मुलूख सोडून जाऊ, पण देणार नाही. बिशप आणि काउंट यांना मारून डेन्मार्कला पळायचा बेतही शिजला होता. हे सगळं हेल्मोल्डच सांगतो.

---

वसईकर

म्हणजे आमचे लोक बरे म्हणायचे. चप्पलच शोधतात फक्त.

---

बाळबोध

अवांतर: आपल्या बखरींमध्येही असंच असतं. माझ्या मते बखरकारांची आणि या हेल्मोल्डची तुलना केली तर

---

पानसुपारी

@बाळबोध, वाक्य अर्धवट राहिलं. आणि राहू दे. प्रत्येक धाग्याचं काश्मीर करायलाच पाहिजे का?

---

कीलकर

बोझाउ आमच्यापासून तासाभरावर, म्हणून लिहिते. ते सेंट पीटर चर्च अजून उभं आहे. विसेलिनने ११५० नंतर बांधायला घेतलेलं, या भागातल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी एक. भिंती शेतात सापडणाऱ्या गोलसर धोंड्यांच्या. हिमयुगाने इथे असे धोंडे पसरून ठेवलेत, विटांची भट्टी यायच्या आधी बांधायला दुसरं काही नव्हतंच. चुन्याच्या जागी झेगेबर्गच्या डोंगरातला जिप्सम वापरलाय. खडे मोठे, जाडी दांडगी, खिडक्या लहान. आतून चर्चपेक्षा कोठारात उभं असल्यासारखं वाटतं, निदान मला तरी. उन्हाळ्यात तिथे संगीताचे कार्यक्रम होतात, तेव्हा गर्दी असते. एरवी तळ्यावर होड्या चालवायला आलेली माणसं सावलीला आत शिरतात.

हेल्मोल्डने लिहिलेली एक गोष्ट मला फार आवडते. विसेलिनला ड्यूकने बोझाउ दिलं तेव्हा तिथे राहायला काहीच नव्हतं. झोपड्या उभ्या राहीपर्यंत म्हातारा बिशप एका बीचच्या झाडाखाली राहिला. ड्यूकपुढे नमून पदरात पडलं ते हे! नंतर त्याला अर्धांगवायू झाला, अडीच वर्षं तसाच होता, ११५४ च्या डिसेंबरात गेला.

---

मिठाचा खडा

शंकासूर यांच्या ‘फायदा कोणाचा’ला जोडून. हेल्मोल्ड व्यापाराबद्दल लिहितो तो भाग मला देवराईपेक्षा जास्त रोचक वाटतो. धर्म राहिला बाजूला, सगळा मामला जकातीचा.

११४३ मध्ये काउंट आडोल्फने त्रावे आणि वाकेनिट्झ या नद्यांमधल्या टेकाडावर ल्युबेक वसवलं. बंदर उत्तम, बाजार फोफावला. ड्यूकचं स्वतःचं व्यापारी गाव बार्डोविक. तिथले व्यापारी उठून ल्युबेकला जायला लागले. शिवाय ल्यूनेबुर्गला ड्यूकचं मिठागर, तर आडोल्फने ओल्डेस्लोला स्वतःचं मीठ काढायला सुरुवात केलेली. ड्यूक म्हणाला, अर्धं ल्युबेक आणि अर्धं मीठ मला दे. आडोल्फ म्हणाला, नाही. झालं! ड्यूकच्या हुकुमाने ल्युबेकचा बाजार बंद, फक्त खाण्याच्या वस्तू विकायच्या. आणि ओल्डेस्लोचे मिठाचे झरे बुजवून टाकले. वाहते झरे, भराव घालून!

११५७ मध्ये ल्युबेक जळालं. बाजार बंद असलेल्या गावात घरं परत कशाला बांधा, म्हणून लोक ड्यूककडे गेले. त्याने जवळच वाकेनिट्झवर ‘सिंहाचं शहर’ वसवायचा घाट घातला, पण तिथे मोठी जहाजं पोचेनात. शेवटी आडोल्फने टेकाड सोडलं, ११५९ मध्ये ल्युबेक पुन्हा उभं राहिलं आणि ड्यूकने डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, रशियापर्यंत निरोप धाडले: या, खुशाल व्यापार करा. पुढच्या वर्षी बिशपनेही गादी ओल्डेनबुर्गहून ल्युबेकला हलवली. पैसा तिकडे गेल्यावर बिशप तरी तिथे ओसाडीत काय करणार?

आणि ज्या बार्डोविकसाठी एवढा आटापिटा केला, ते ड्यूकने ११८९ मध्ये स्वतःच उद्ध्वस्त केलं. (हे हेल्मोल्डच्या पुस्तकात नाही, त्याची कथा ११७१ पाशी थांबते.)

---

भटकभवानी

मस्त धागा. आडोल्फने माणसं कुठून आणली? एवढा मुलूख भरायला?

---

सुरंगी

@भटकभवानी, फ्लँडर्स, हॉलंड, उट्रेख्ट, वेस्टफालिया, फ्रिझलंड इथे निरोपे पाठवले: ज्याला जमीन कमी पडते त्याने बायकापोरांसकट यावं, चांगली जमीन, भरपूर मासे नि मांस, कुरणं मिळतील. डच लोकांना ओयटिनचा भाग दिला, फ्रिझियनांना झ्यूझेल.

त्या झ्यूझेलची हकिकत वाचाच. ११४७ च्या जूनमध्ये धर्मयुद्ध येतंय हे कळल्यावर निक्लोट या स्लाव राजाने आधीच हल्ला केला. ल्युबेकचं बंदर जाळलं, घोडेस्वार वाग्रियाभर सुटले. झ्यूझेलला फ्रिझियन चारशेच्या वर आले होते, पण बरेच जण मागची इस्टेट निकाली लावायला गावी गेलेले, हजर कसेबसे शंभर. समोर तीन हजार, हे हेल्मोल्डचे आकडे. हल्लेखोर म्हणाले, हत्यारं टाका, जीव वाचेल. काही जण तयारही झाले. तेव्हा गेर्लाख नावाच्या त्यांच्या फादरने तटबंदीचं दार उघडून स्वतःच चाल केली. एक डोळा गेला, पोटात जखम झाली, पण गाव राखलं. आणि हेल्मोल्ड वर हेही सांगतो की डच-फ्रिझियन उपऱ्यांचा राग असलेल्या होल्स्टाइनच्या काही सॅक्सनांनीच ही ब्याद ओढवून आणली, असं लोक बोलत होते.

---

खलाशी

हेरिंगच्या गोष्टीशिवाय हा धागा पूर्ण कसा होणार?

बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावर स्लावांचा शेवटचा मोठा देव होता, स्वांतेवित. आर्कोनाच्या कड्यावर त्याचं देऊळ. नोव्हेंबरात वारा जोरात सुटला की तिथे हेरिंग मासा अमाप मिळायचा. ख्रिस्ती व्यापाऱ्यांना मासेमारीला मुभा होती, फक्त आधी त्या देवाचा वाटा भरायचा. व्यापारीही मुकाट भरायचे, पोटापुढे कसला धर्म! एका वर्षी व्यापारी खूप जमले, त्यांनी बार्डोविकच्या गॉटशाल्क नावाच्या फादरला मिस्सा करायला बोलावून घेतलं. पुजाऱ्याला हे कळलं. त्याने राजाला नि लोकांना गोळा केलं: परका बळी आपल्या भूमीत चढवणाऱ्याचं रक्त सांडल्याशिवाय देव शांत होणार नाही. लोकांनी व्यापाऱ्यांकडे फादर मागितला. ते देईनात. शंभर मार्क देऊ केले. तरी देईनात. मग उद्या लढाई, असा दम भरला. त्या रात्री व्यापाऱ्यांनी माशांनी भरलेली जहाजं तशीच हाकारली आणि फादरला घेऊन पसार झाले.

११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्देमारने आर्कोना घेतलं. हेल्मोल्ड लिहितो, मूर्तीच्या गळ्यात दोर बांधून स्लावांच्या डोळ्यांदेखत सैन्यातून फरफटत नेली आणि तुकडे करून आगीत टाकली. डेन इतिहासकार साक्सोने या देवाचं बारीक वर्णन केलंय: चार डोकी, हातात शिंग. हेल्मोल्ड मूर्तीच्या रूपाबद्दल गप्प. साक्सोच्या मते त्या लाकडावर सैनिकांनी स्वयंपाक केला.

---

शंकासूर

@खलाशी, छान. आणि त्याच र्‍यूगेनच्या लोकांबद्दल हेल्मोल्ड लिहितो की त्यांच्यात कोणी भिकारी नाही, गरजू नाही. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी वारसावर, आणि तो ती माणुसकीने पार पाडतो. सुरंगी, तुमच्या बाजूने पुरावा हवा असेल तर तो हा. प्रिबिस्लावच्या भाषणात चर्चचा फायदा आहे. इथे कोणाचाच नाही.

पण देवराईकडे परत येतो. तुम्ही लेखात एक मुद्दा सोडलाय. सोमवारची न्यायसभा जळाली, मग न्याय कुठे गेला? ओल्डेनबुर्गला नंतर चर्च झालं, सॅक्सन वसले, ब्रुनो नावाचे फादर नेमले गेले. स्लावांना सक्त ताकीद: झाडांची, झऱ्यांची, दगडांची शपथ घ्यायची नाही. ज्याच्यावर आरोप असेल त्याला फादरपुढे आणायचं आणि तापलेल्या लोखंडाने किंवा नांगराच्या तापलेल्या फाळांनी खरं-खोटं करायचं. म्हणजे झाडाखालचा निवाडा गेला आणि फाळावरचा आला. हेल्मोल्ड हे प्रगती म्हणून सांगतो. डोळ्यांनी पाहिलेलं गिळत नाही हे खरं, पण त्यातून निष्कर्ष काढायची वेळ आली की तो ड्यूटीवरचा फादर असतो.

---

सुरंगी

@शंकासूर, हे मी लेखात घालायला हवं असं तुम्ही म्हणाल, पण मग लेख तुम्हीच लिहा की! :) मुद्दा जबरदस्त आहे. ब्रुनोबद्दल एक भर: तो स्लाव भाषेत उपदेश करायचा, लिहून आणलेली प्रवचनं वाचून दाखवायचा. तेवढं सोडलं तर सगळी भिस्त हुकुमावरच.

आणि शेवटच्या प्रकरणातला फादर तर तुमच्या म्हणण्याहून कडक आहे. श्वेरिनचा काउंट गुंझेलिन आपल्या माणसांना हुकूम देतो: आडवाटेने जाणारा स्लाव दिसला आणि तिथे का आलाय याचं सरळ कारण नसलं, की धरा नि लगेच फासावर द्या. हेल्मोल्डला यात वावगं दिसत नाही, चोऱ्या कमी झाल्या म्हणतो. आणि सगळा स्लाव मुलूख, जो पूर्वी घातपातांनी भयाण आणि ओस होता, तो आता सॅक्सनांची एकच वसाहत झालाय, यावर देवाचे आभार मानतो.

---

भटकभवानी

मग त्यांची भाषा तेव्हाच मेली?

---

कीलकर

@भटकभवानी, इकडे वाग्रियात टिकली नाही. पण एल्ब नदीच्या पलीकडे, ल्यूनेबुर्गच्या पूर्वेला वेंडलंड म्हणून भाग आहे, तिथे खेड्यांत स्लाव बोली अठराव्या शतकापर्यंत तग धरून होती. आणि तिची नोंद कोणी केली? पुन्हा एका पाद्रीनेच! वुस्ट्रोचे क्रिस्टियान हेनिग. १७०५ च्या आसपास त्यांनी मोठा शब्दसंग्रह केला. म्हातारे तेवढे बोलायचे, तरुणांना लाज वाटायची. झ्यूटेन गावच्या योहान पारुम शुल्झे या शेतकऱ्यानेही आपल्या गावच्या इतिवृत्तात बोलीतले शब्द लिहून ठेवले. १७४० मध्ये तो वारला.

---

जुना वाचक

प्रिबिस्लावचं पुढे काय झालं? मेक्लेनबुर्गच्या राजघराण्याचा मूळ पुरुष प्रिबिस्लाव, असं कुठेतरी वाचलं होतं. तोच का हा?

---

सुरंगी

@जुना वाचक, नाही, दोन प्रिबिस्लाव आहेत आणि सगळे घोळ करतात. पंगत देणारा वाग्रियाचा. मेक्लेनबुर्गचा प्रिबिस्लाव म्हणजे निक्लोटचा मुलगा. बापाला ११६० मध्ये वेर्ले किल्ल्यापाशी मारलं, मुलाने ड्यूकशी अनेक वर्षं झुंज दिली. ११६७ मध्ये ड्यूकने मुलखाचा मोठा भाग त्याला परत दिला, मांडलिक म्हणून. ११७२ मध्ये हा ड्यूकबरोबर जेरुसलेमच्या यात्रेलाही गेला! त्याच्या मुलाने ड्यूकच्या मुलीशी लग्न केलं. ते घराणं मेक्लेनबुर्गवर १९१८ पर्यंत राज्य करत होतं. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लोट याच घराण्यातली.

---

पानसुपारी

म्हणजे ‘सॅक्सनांची एकच वसाहत’ आणि गादीवर साडेसातशे वर्षं निक्लोटचे वंशज. फादरना हे कोणी कळवलं का?

---

मिठाचा खडा

फादरनंतर कोणी लिहिलं? ११७१ च्या पुढे?

---

शंकासूर

@मिठाचा खडा, आर्नोल्ड. ल्युबेकच्या सेंट जॉन मठाचा मठाधिपती. हेल्मोल्डच्या पुढची कथा त्याने ११७२ च्या त्या जेरुसलेम यात्रेपासून उचलली आणि १२०९ पर्यंत आणली. पण तो शहरी माणूस. सम्राट, ड्यूक, पोप यांच्यातच रमतो. स्लाव त्याच्या पानांत क्वचित दिसतात. हेल्मोल्ड मात्र १५५६ मध्ये फ्रँकफुर्टला छापला गेला, तेव्हापासून सतत वाचला जातोय.

---

जुना वाचक

आर्नोल्डवरचा धागा शंकासूर यांनी काढावा असा ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतंय?

---

सुरंगी

अनुमोदन. आणि प्रतिसादात मी ‘फायदा कोणाचा’ विचारणार आहे, आधीच सांगून ठेवते.